वाचकांचे प्रश्न : किल्ली कोणाकडे?

या महिन्याच्या टपालात संस्था, मंडळं, संघ यांच्याबद्दलची पत्रं इतकी आली की बाकीचे विषय पुढच्या अंकात घेते. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते : मी सांगलीच्या गावभागात राहते. सहकारी बँकेत नोकरी केली, आणि २००३ पासून गल्लीतल्या मंडळाची खजिनदार आहे. मंडळ म्हणजे दोन खोल्या, एक ओटा, पुस्तकांची सात कपाटं आणि एक शिवणयंत्र. सकाळी पेपर वाचायला ज्येष्ठ येतात, दुपारी बायकांची बैठक असते, संध्याकाळी मुलं अभ्यासाला बसतात. पुढची उत्तरं त्या दोन खोल्यांतून आलेली आहेत.

प्रश्न : ताई, मी निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय ७१. पत्नी गेल्यावर गाव सोडून डोंबिवलीला मुलाकडे आलो. मुलाने ज्येष्ठ नागरिक संघात नाव घातलं. वाढदिवस, व्याख्यानं, सहली, सगळं होतं. माणसं चांगली आहेत. पण घरी परतताना वाटतं, आपण फक्त वेळ काढून आलो. छत्तीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळला. ते आता कुणाच्या उपयोगाचं नाही का?

उत्तर : गुरुजी, आहे. पण आधी एक विनंती. संघ सोडू नका. पत्नी गेल्यानंतर नव्या गावात तुम्हाला नावानं ओळखणारी पंधरा माणसं तिथे मिळाली आहेत. एका दिवशी तुम्ही दिसला नाहीत तर फोन करणारं कुणीतरी असणं ही मोठी गोष्ट आहे. तुम्हाला टोचतंय ते वेगळंच. तिथे तुमची सोय पाहिली जाते, पण तुमच्यावाचून कुणाचं अडत नाही.

आमच्याकडची गोष्ट सांगते. दहा-अकरा वर्षांपूर्वी संध्याकाळी आमच्या वाचनालयात पाच-सहा आजोबा पेपर चाळत बसायचे आणि बाहेर ओट्यावर सात-आठ मुलं बसलेली असायची. त्यांच्या आया धुण्याभांड्याची कामं आटपून सातनंतर यायच्या, तोवर घराला कुलूप. आत म्हातारी माणसं, बाहेर मुलं, मध्ये उघडं दार, आणि महिनोन् महिने कुणी कुणाशी बोललं नव्हतं. एक दिवस एसटीतून निवृत्त झालेले आमचे कंडक्टरकाका बाहेर आले. एका मुलाच्या वहीत अपूर्णांकांची गणितं चुकलेली होती. काकांनी विचारलं, "अर्धं तिकीट काढलंयस कधी?" मग म्हणाले, सांगलीहून तासगावला तेवीस माणसं निघाली, त्यातली चार पोरं अर्ध्या तिकिटाची, पेटीत किती पैसे जमले? बघता बघता सगळी मुलं भोवती गोळा झाली. पुढे पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली, २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तशी काकांची गणितं आणखी रंगत गेली.

ती शिकवणी आजही चालू आहे, पण तिची दुसरी बाजू मला जास्त मोलाची वाटते. वर्षभरात मुलं आजोबांची कामं करायला लागली. औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरातली तारीख वाचून दाखवायची, फोनवर आलेला मेसेज बँकेचा आहे की फसवणुकीचा ते मोठ्या माणसाला विचारून सांगायचं, बँकेची स्लिप भरून द्यायची. देणं दोन्हीकडून सुरू झाल्यावर कुणावर उपकार राहिले नाहीत.

एकदा मात्र मोठी चूक झाली. किल्ली फक्त काकांकडे होती. काका आजारी पडले, तीन दिवस दार उघडलंच नाही. मुलं आली, कुलूप बघून परत गेली. काका बरे होऊन आले तेव्हा ओटा रिकामा होता. तीच मुलं पुन्हा यायला दोन महिने लागले. ज्या मुलांच्या घरालाही कुलूप असतं त्यांना आमचं कुलूप किती लागलं असेल, हे मला आजही आठवलं की वाईट वाटतं. तेव्हापासून आमच्या प्रत्येक कामाच्या दोन किल्ल्या दोन घरांत असतात.

म्हणून तुम्ही असं करा. संघातलाच एक जोडीदार शोधा. घराजवळची महापालिकेची शाळा, वाचनालय किंवा अभ्यासिका गाठा. "कधीही बोलवा, येतो" असं सांगू नका, त्या शब्दावर कुणालाच आखणी करता येत नाही. "मंगळवारी आणि शुक्रवारी पाच ते सहा, चौथीची मुलं, भाषा आणि गणित" असं सांगा. पालकांना आधी भेटा. दार उघडं ठेवून, चार माणसांच्या नजरेसमोर बसा. मुलांबरोबर एकट्याने बंद खोलीत बसायचं नाही, हा नियम आम्ही कंडक्टरकाकांनाही लावला आणि त्यांनी तो एका शब्दाचीही कुरकुर न करता मानला. बोलताना एखाद्या मुलाच्या घरी मारहाण किंवा त्याहून वाईट काही आहे असं कळलं, तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक जवळ असू द्या.

शिकवणं नको असेल तर गोष्टी सांगा. साने गुरुजींच्या नावाने चालणाऱ्या कथामालेत पिढ्यान् पिढ्या शिक्षकांनी हेच केलं. आणि एखाद्या रविवारी मुलाला घेऊन पार्ल्याला जा. तिथला लोकमान्य सेवा संघ १९२३ साली सुरू झाला. एकाच संस्थेत पुस्तकं, व्याख्यानं, मुलांचं आणि ज्येष्ठांचं काम शंभर वर्षं कसं नांदतं, ते डोळ्यांनी बघण्यासारखं आहे.

प्रश्न : आम्ही शिरोळ तालुक्यातले आठ मित्र. २०१९ आणि २०२१ च्या पुरात लोकांना बाहेर काढणं, जेवण पोचवणं, घरं धुऊन देणं ही कामं केली. आता सगळे म्हणतात संस्था नोंदवा, कंपन्यांचा सीएसआरचा, म्हणजे नफ्यातून समाजकामासाठी द्यायचा पैसा मिळेल. नोंदवावी का? कशी?

उत्तर : तुमच्या तालुक्याने आणि माझ्या गल्लीने एकाच नदीचं पाणी प्यायलंय, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते.

आधी कायद्याचं, कारण ते थोडक्यात आटोपतं. महाराष्ट्रात बहुतेक संस्था दोन कायद्यांखाली नोंदवल्या जातात : १८६० चा संस्था नोंदणी अधिनियम आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा अधिनियम. किमान सात सभासद लागतात, तुम्ही आठ आहात. घटना आणि नियमावली लिहून धर्मादाय कार्यालयात अर्ज करायचा. देणगीदाराला कराची सवलत मिळावी म्हणून आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी करावी लागते, ज्याला सगळे ८० जी म्हणतात. कंपन्यांच्या निधीसाठी त्यावर सीएसआर-१ हा फॉर्म आणि कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. म्हणजे आज नोंदणी केली आणि उद्या पैसे आले, असं होणार नाही. तुम्हाला कुणी तसं सांगत असेल आणि त्यासाठी फी मागत असेल, तर त्या माणसापासून लांब राहा.

नोंदणीनंतरचं ओझं कुणी सांगत नाही. दरवर्षी ३१ मार्चला हिशेब बंद करून लेखापरीक्षण करून घ्यायचं. सभा घ्यायच्या, इतिवृत्त लिहायचं. विश्वस्त बदलला, पत्ता बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा. हे बदल अर्ज वेळेवर न दिल्यामुळे कागदावर वारलेलीच माणसं विश्वस्त राहिलेली मंडळं मी पाहिली आहेत. पुढे जागा विकायची किंवा दुरुस्त करायची वेळ आली की सगळं अडतं. तुमच्यातला एकजण तरी कागदांची मनापासून आवड असलेला आहे का? असेल तर नोंदवा. नसेल तर आधी तो माणूस शोधा. तोवर एखाद्या चांगल्या नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली काम करता येतं. एक मात्र पाळा : नोंदणी नसताना लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल तर गणेशोत्सव मंडळं घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी घ्या.

आता मला खरं सांगायचंय ते. पूर नसतो तेव्हा तुम्ही काय करता?

२००५ च्या पुरात आमच्याकडे उत्साह होता, होडी होती, खिचडी होती. आणि तरीही आमच्या गल्लीतल्या एक आजी माडीवर दोन दिवस एकट्या अडकून पडल्या. सगळ्यांना वाटलं भाच्याने नेलं, भाच्याला वाटलं मंडळाने नेलं. त्या वाचल्या. मला म्हणाल्या, "अगं, मी हाका मारत होते, पण पाण्याचा आवाज फार होता." पाणी ओसरल्यावर आठवड्याभरात मी एक वही घातली. शंभर पानी, पुठ्ठ्याची. रकाने असे : नाव, कुठला मजला, चालता येतं का, रोजची औषधं कुठली, घराची दुसरी किल्ली कोणाकडे, नातेवाइकाचा फोन, आणि शेवटी या माणसाला घेऊन कोण जाणार त्याचं नाव. एका माणसासमोर एकच नाव. "मंडळ" असं कुणापुढेही लिहायचं नाही.

ही वही दर मे महिन्यात घरोघर फिरून नवी करतो. दहावी-बारावीची मुलं हे काम करतात, कारण त्यांना सुट्टी असते आणि आज्या त्यांना सरबत देऊन बसवतात. तेवढ्यात कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कुणाचा मुलगा पुण्याला गेला, सगळं कळतं. वहीचं अर्धं काम तिथेच होतं.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. आम्ही सरकारी इशाऱ्यासाठी थांबत नाही, ३५ फुटांना फोन करायला सुरुवात करतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला हलवायला ॲम्ब्युलन्स लागते, आणि रस्ता कोरडा असेपर्यंतच ती दारात येते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. तेव्हा वहीतलं एकही माणूस गल्लीत नव्हतं. आमची खालची खोली पूर्ण बुडाली, पुस्तकांचा लगदा झाला, शिवणयंत्र गंजलं. सांगली नगर वाचनालयातली कितीतरी जुनी, पुन्हा न मिळणारी पुस्तकं त्याच पाण्यात गेली, त्याचं दुःख या गावाला अजून आहे. आमची वही मात्र माझ्या पिशवीत होती.

तुम्ही होड्या चालवल्यात, ते धाडसाचं काम होतं. आता ही वही करा. नोंदणी असो वा नसो, या मे महिन्यात तुमच्या गावापुरती. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना १४५६७ ही हेल्पलाइन सांगा, पूर नसतानाही ती उपयोगी पडते. तीन वर्षं वही चालली की कंपनीच्या माणसासमोर ठेवायला तुमच्याकडे याहून चांगला पुरावा असणार नाही.

प्रश्न : आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी वॉकर, कमोडची खुर्ची आणि वर-खाली होणारा पलंग आणायला सांगितलाय. तीन महिन्यांसाठी एवढा खर्च झेपत नाही.

उत्तर : विकत घेऊ नका. जवळजवळ प्रत्येक शहरात, आणि आता मोठ्या गावांतही, कुठलं ना कुठलं मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, देवस्थान किंवा सेवाभावी संस्था रुग्णसाहित्य केंद्र चालवते. अनामत ठेवायची, थोडं भाडं द्यायचं, काम झालं की वस्तू परत करून अनामत घ्यायची. गावातल्या जुन्या औषध दुकानदाराला आणि हाडांच्या दवाखान्यातल्या सिस्टरना विचारा, त्यांना पत्ता नक्की माहीत असतो. वॉकर आणताना त्याच्या पायांचे रबर झिजलेले नाहीत ना ते तपासा आणि उंची आईच्या मनगटाशी जुळवून घ्या. परत करताना डेटॉलने पुसून द्या. आणि हो, कपाटामागे एखादी जुनी काठी पडली असेल तर तीही तिथे देऊन या.

प्रश्न : आमच्या कॉलनीच्या महिला मंडळाची मी सभासद. दरमहा वर्गणी देतो, हळदीकुंकू, आरोग्य शिबिर, पाळणाघर चालतं. मागच्या सभेत मी जमाखर्च मागितला, तर अध्यक्षबाई म्हणाल्या, "माझ्यावर विश्वास नाही का?" सगळ्या गप्प बसल्या. आता माझ्याशी कुणी नीट बोलत नाही. मी चुकले का?

उत्तर : नाही. तुम्ही एक शब्दही चुकीचा बोलला नाहीत. तुमच्या पत्रातला शेवटचा परिच्छेद मी दोनदा वाचला, कारण असं एकटं पडणं मी बँकेत पाहिलंय.

विश्वासाचा प्रश्न तुम्ही काढलेला नाही. पैसे वर्गणीचे असतील तर ते सगळ्यांचे, आणि त्याचा हिशेब न मागता समोर यायला हवा. मी खजिनदार असून सांगते : हिशेब मागणारा सभासद माझी सुरक्षा असतो. ज्याचा जमाखर्च दर महिन्याला फळ्यावर लागतो त्याच्यावर पाच वर्षांनी कुणी बोट ठेवू शकत नाही.

हे मी बचत गटातल्या बायकांकडून शिकले. आमच्या मागच्या खोलीत एक गट बसतो, बहुतेकजणी भाजी विकणाऱ्या. बैठक सुरू झाली की पेटी मध्ये ठेवतात. पैसे मोठ्याने मोजतात. सगळ्यांना वाचता येत नाही म्हणून कोणी किती भरले, कोणाचं कर्ज किती राहिलं ते एकजण वाचून दाखवते आणि प्रत्येकीने स्वतःचा आकडा मान हलवून कबूल करायचा. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब, ही पंचसूत्री त्या तोंडपाठ म्हणतात आणि पाळतात. तिथे कुणी कुणाला "विश्वास नाही का" असं विचारत नाही.

तुम्ही पुढच्या सभेआधी अध्यक्षबाईंच्या घरी जा. एकट्या नको, आणखी एकीला घेऊन. सांगा की आम्हाला दोष द्यायचा नाही, दर महिन्याचा जमाखर्च लावायचा ठराव मांडायचाय आणि लिहायच्या कामात मदत करायची आहे. पुष्कळदा हिशेब दडवलेला नसतो, लिहिलेलाच नसतो, आणि ते कबूल करायला माणूस लाजतो. तुम्ही कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, लिहायला बसलात तर त्यांना सुटल्यासारखंही वाटेल. तसं झालं नाही, तर सभेत ठराव मांडा, सूचक-अनुमोदकासह इतिवृत्तात लिहून घ्या. मंडळ नोंदणीकृत असेल तर त्याचे हिशेब धर्मादाय कार्यालयात दाखल व्हायला हवेत. तिथे अर्ज करून ते पाहता येतात, आणि गरज पडल्यास लेखी तक्रारही करता येते. ही पायरी शेवटची ठेवा, पण ती आहे हे लक्षात असू द्या. पाळणाघर चालतंय ना? त्या मुलांसाठी तरी हे नीट व्हायला हवं.

प्रश्न : मी ऑस्ट्रेलियात असतो. माझ्या गावातल्या वाचनालयाला वडिलांच्या नावाने देणगी द्यायची आहे. सरळ पैसे पाठवू का?

उत्तर : तुमचा पासपोर्ट कुठला, यावर उत्तर ठरतं. अजून भारतीय नागरिक असाल तर स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी मानली जात नाही. सोबत पासपोर्टची प्रत द्या, म्हणजे वाचनालयाला नोंद ठेवता येईल. ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ती परदेशी देणगी ठरते, मग मूळ भारतीय असण्याने फरक पडत नाही. त्यासाठी संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं लागतं. लहान वाचनालयाकडे हे बहुधा नसतं, आणि प्रेमापोटी पाठवलेल्या पैशांमुळे बिचारे अडचणीत येतात. अशा वेळी भारतात राहणाऱ्या भावंडांनी स्वतःच्या पैशांतून वडिलांच्या नावे देणगी द्यावी. त्यांना कराची सवलत हवी असेल तर रोख देऊ नये, दोन हजारांवरच्या रोख देणगीला ८० जीची सवलत नाही.

एक सुचवते. कपाटावर नाव घालण्यापेक्षा पाच वर्षांची मासिकांची वर्गणी भरा, किंवा ग्रंथपालाच्या पगारात भर घाला. कपाटं सगळे देतात.

प्रश्न : मी दहावीत आहे. आमचं घर एका खोलीचं, घरात पाच माणसं. जवळच्या मंडळाची अभ्यासिका आहे, पण ती रात्री आठला बंद होते आणि तिथे सगळे मुलगेच असतात. आई पाठवत नाही. काय करू?

उत्तर : बाळ, आईचं बरोबर आहे आणि तुझंही. तुझ्यासारख्या आणखी चारपाचजणी गल्लीत नक्की असतील, आधी त्यांना गाठ. मग मंडळाच्या नावाने साध्या कागदावर अर्ज लिहा : आम्हा मुलींसाठी संध्याकाळी सात ते साडेनऊ एक वेगळी खोली किंवा वेगळी वेळ द्यावी. खाली सगळ्यांच्या सह्या आणि प्रत्येकीच्या आईची सही. आयांच्या सह्या फार महत्त्वाच्या.

मंडळवाले पहिला प्रश्न हाच विचारतील की तिथे बसणार कोण. त्याचं उत्तर अर्जातच लिहून टाका. आमच्याकडे मुलींनी मागणी केली तेव्हा त्यांच्या आयांनी वार वाटून घेतले. एक आई मटार सोलत बसायची, एक जपमाळ घेऊन, एक स्वतःच मुलीच्या पुस्तकातला इतिहास वाचायची. घरी परत जाताना सगळ्या मिळून निघायच्या आणि शेवटच्या मुलीच्या दारापर्यंत सोडायच्या. तुझ्या आईलाही एक वार दे, म्हणजे ती नाही म्हणणार नाही.

अर्जाच्या दोन प्रती कर. एक त्यांना दे आणि दुसरीवर तारीख, सही घेऊन पोच घ्यायला विसरू नकोस. काय झालं ते मला कळव.